रॉकेलचा थेंब

नगर, मार्च १९७२. मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं. लिहायला बसलं की गॅरेजात माझ्याबरोबर शिकणाऱ्या डॅनियलचंच नाव येणार, म्हणून.

जुन्या मॉरिस मोटारीची ओढ वाढावी म्हणून उस्तादांनी इंजिनाचं हेड तासून आणलं. झडपा घट्ट बसाव्यात म्हणून निम्मे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायला डॅनियलला दिले, निम्मे मला. तो ताक घुसळावं तशी व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी तळव्यांत फिरवत बसतो. मी मध्येच उठून जीपवाल्यांशी गप्पा मारतो. आज कुठं गळतं का पाहायला हेड उलटं करून रॉकेल ओतलं. त्याच्या बाजूनं थेंब नाही. माझ्या एका व्हॉल्व्हखालून टपकलंच.

"तुझ्या हाताला लई घाई हाय," उस्ताद म्हणाले. "हेड उद्या डॅन्या बसवील."

डॅन्या! मला कधी अशी लाडाची हाक मारली? तो हसला असता तरी बरं, भांडता आलं असतं. ते शांत तळवे डोळ्यांपुढून हलत नाहीत. पिशवी भरलीय. सकाळच्या गाडीनं अकोले, मग पुढचं पुढे. इथं मला अडवणार कोण?

थांब, दार वाजतंय.

डॅनियल आलाय! हातात माझा गळका व्हॉल्व्ह आणि पेस्टची डबी.

"गॅरेजची किल्ली आणलीय. चल, तूच घास. मी बत्ती धरतो."