उतारावरचं गाणं

मंगळवार, संध्याकाळ

आज नववीला जडत्व शिकवताना मी उसाच्या ट्रॅक्टरचं उदाहरण दिलं. ट्रॅक्टर थांबला तरी मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या त्याला पुढंच ढकलत राहतात, म्हणून ट्रॉल्यांनाही ब्रेक पाहिजे, असं म्हणाले. तेवढ्यात सायली उठली. तिचे पप्पा कारखान्याला ऊस वाहतात.

"मॅडम, आमच्या ट्रॉल्यांना ब्रेकच न्हाय की."

"मग उतारावर काय करतात?"

"टेप मोठा लावत्यात. लांबनं गाणं ऐकू आलं की लोकं आपसूक बाजूला व्हत्यात."

वर्ग हसला. मीही हसले. का हसले मी? पुढचं उदाहरण घेतलं आणि तास संपला.

ह्याच टेपला मी हंगामभर शिव्या घालते. खिडक्या लावून पेपर तपासते. ही हौसेची गाणी, असंच धरून चालले होते. ब्रेकच्या जागी लावतात, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आत्ता आमच्या घरासमोरच्या उतारावर एक ट्रॅक्टर आला. गाणं नेहमीसारखंच कर्कश. आज मी खिडकी उघडी ठेवली होती. आवाज खाली खाली गेला, वळणाशी पोचला आणि गाण्याच्या मधेच बंद पडला.

कुत्री भुंकताहेत. माणसं त्या बाजूला पळताहेत. मलाही उठायला हवं.

सायलीचे पप्पा कुठलं गाणं लावतात, तेवढं विचारायला हवं होतं.