झेंडेवाली शाळा

४ ऑगस्ट, सोमवार

तिसरी शाळा बघून आले. शी! नुसता वीट आलाय.

दारात रांगेने झेंडे. चाळीस देशांचे म्हणे. असं दातवालीने सांगितलं, मी मोजले नाहीत. दातवाली म्हणजे प्रवेशाचं बघणारी बाई. आम्ही टॅक्सीतून उतरल्यापासून परत टॅक्सीत बसेपर्यंत तिचे दात काही मिटले नाहीत. पोहण्याचा तलाव दाखवला, पियानोच्या खोल्या दाखवल्या, एका भिंतीवर गवत उगवलंय तेसुद्धा दाखवलं. भिंतीवर गवत! "वर्ग बघू का?" म्हटलं तर वर्गांना रंग चाललाय. अहो, मग आम्हाला बोलावलं कशाला? गवत उपटायला?

नवरोबा मात्र खूश. त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची पोरं इथेच, बॉसची पण. "सगळे काय वेडे आहेत का?" आहेत की! पण बोलतंय कोण.

शहाणी एकटी भिंगरी. सात वर्षांची कार्टी, टॅक्सीत बसल्याबसल्या सुरू — "आई, त्या बाईचे दात खरे होते? की झोपताना काढून ग्लासात ठेवते?" घर येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. त्यात तिची ती सवय! गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबते, आणि आपण "मग?" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. नुसतं "हं" चालत नाही तिला. हातात पिशव्या, किल्ली सापडत नाही, आणि मी लिफ्टमध्ये "मग? मग?" करतेय. शेजारचा म्हातारा टकामका बघत होता. बघू दे मेल्याला.

६ ऑगस्ट, बुधवार

मागच्या गल्लीतच एक शाळा सापडली! टायरच्या दुकानाच्या पलीकडे. चालत जाण्यासारखी. झेंडा नाही, तलाव नाही. पोरं मैदानात धूळ उडवत होती आणि एक मास्तर शिट्टी हरवली म्हणून गळा फाडून ओरडत होता. शिट्टीची गरजच नव्हती त्याला. फार बरं वाटलं बघून.

संध्याकाळी सांगितलं तर नवरोबाने असं तोंड केलं, जशी काही मी पोरीला टायरच्या दुकानात कामाला लावतेय. "कंपनी फी भरतेय ना, मग चांगल्या शाळेत घालू!" चांगली म्हणजे महाग, हे कुठे शिकला हा? आणि वर — "लोक विचारतील गं, कुठे घातलं म्हणून." लोक! विमानात बसून इतक्या लांब आलो. भांडीकुंडी सगळी तिकडे ठेवली. लोक तेवढे बॅगेत भरून आणले.

७ ऑगस्ट, गुरुवार

झेंडेवाली ठरली. भांडून घसा बसला. हरले.

१३ ऑगस्ट, बुधवार

भिंगरीची मुलाखत झाली. सात वर्षांच्या पोरीची मुलाखत! दातवालीने मांजराचं चित्र पुढे केलं. भिंगरी म्हणाली, "कॅट इज स्लीपिंग, बट खरंखुरं नाही, शी इज नाटक करतेय." मी फिसकन हसले. दातवाली हसली नाही, म्हणजे दात होते पण हसू नव्हतं. भिंगरीला बाहेर बसवून आम्हाला म्हणाली, मुलगी हुशार आहे, इंग्रजी कच्चं आहे. घरी फक्त इंग्रजी बोला. फक्त! थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे, नाहीतर वर्गात मागे पडेल.

मागे पडेल म्हटल्यावर कोण आई गप्प बसेल? मीही मान डोलावली.

जेवताना नवरोबाने जाहीर केलं — आजपासून घरात फक्त इंग्रजी. भिंगरीचा घास हातातच. "घरात म्हणजे? बाल्कनीत पण?"

"बाल्कनी घरातच येते."

"लिफ्टमध्ये?"

याने चक्क विचार केला. "लिफ्टमध्ये पण."

"आजीच्या फोनवर?"

"फोन घरातच असतो ना?"

"आणि बाथरूममध्ये एकटी असले तर?" हसून हसून पुरेवाट झाली आमची.

या वहीत मात्र मराठीच लिहिणार. इथे कोण मार्क कापतंय?

२५ ऑगस्ट, सोमवार

बसचा पहिला दिवस. दातवाली म्हणाली होती, बस म्हणजे अर्धा तास. अर्धा तास तिच्या दातांना! बस आधी आमच्याकडे येते, मग त्या सगळ्या फाटकवाल्या बड्या सोसायट्या पालथ्या घालते, मग शाळा. येताना सगळे उतरून झाले की आम्ही. म्हणजे सकाळी सगळ्यात आधी चढायचं, संध्याकाळी सगळ्यात शेवटी उतरायचं. आमचं मूळचंच उलटं. नवरोबाच्या ऑफिसजवळ घर घेऊन मोकळे झालो आणि मग शाळा बघायला निघालो. बाकीच्यांनी आधी शाळा धरली, मग घर. अक्कल नाही, दुसरं काय!

आणि बसला वास काय! पायमोज्यांचा, डिझेलचा आणि दप्तरात चेंगरलेल्या केळ्याचा. पोरं सांभाळायला एक बसवाली आहे. गुलाबी लिपस्टिक, तोंडात च्युइंगम, रवंथ चालू अखंड. इथल्या भाषेपलीकडे तिला अक्षर येत नाही. मी काहीही विचारलं की अंगठा दाखवते. पट्टा बांधता ना? अंगठा. खिडकी लावता ना? अंगठा. पोरीला दप्तराला धरून आत ओढलं आणि निघून गेली. अशा बाईच्या हातात पोर दिली मी.

१ सप्टेंबर, सोमवार

भिंगरी बसमध्ये ओकली. प्लास्टिकच्या पिशवीत गणवेश आणि गणवेशात... जाऊ दे. पिशवी उघडली आणि मलाच उमासे आले. बसवालीने पिशवी हातात दिली, भिंगरीच्या डोक्यावर टपली मारली आणि अंगठा दाखवला. अंगठा! तो पिरगाळावासा वाटला.

भिंगरीला विचारलं, "डू यू फील सिक?"

"नो मम्मी."

९ सप्टेंबर, मंगळवार

पोरगी बोलत नाहीये.

"हाऊ वॉज स्कूल?" "फाइन." "व्हॉट डिड यू डू?" "नथिंग." बस, संपलं! जिला गप्प कर गप्प कर म्हणून माझा जीव जायचा, ती समोर बसून वाटाणे एका रांगेत लावते. मी आपली इंग्रजी जुळवत बसते, ती उत्तर देऊन उठते.

नवरोबाला सांगितलं. म्हणतो, "पण बोलते तेव्हा ग्रामर बघ की, एक चूक नाही!" ताट फेकून मारावंसं वाटलं. मारलं नाही, घासून ठेवलं.

ही बस पोरीचा जीव काढतेय. दुसरं काही नाही. पिळून निघते पोर आणि घरी फक्त चोथा येतो.

१४ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. पडद्यावर आई चष्मा वरखाली करत बसलेली. भिंगरीला पुढे केलं. "हाय आजी. आय अ‍ॅम फाइन. बाय आजी." गेली खोलीत.

आई कितीतरी वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "अगं, पोरीच्या तोंडाला कुलूप कोणी घातलं?"

"बस आहे गं आई. लांबचा प्रवास. दमते."

"बसने बोलणं बंद होतं होय?"

मी चिडले. इथे राहून बघ म्हणावं. फोन ठेवला. दिवसभर वाईट वाटत राहिलं, परत केला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बॉसच्या बायकोकडे संध्याकाळी चहा, भिंगरीला घेऊन. आपल्याकडच्या सगळ्या बायका. सोफा असा की बसलं की माणूस आत गडप. एकीचं सुरू — "आमचा तर मराठी विसरलाच हो! आजीशी बोलायला मी दुभाषी!" आणि हे असं, जसं काही पोराला पदक मिळालंय. दुसरी लगेच, "आमची तर स्वप्नंसुद्धा इंग्रजीत बघते." तुम्ही काय तिच्या स्वप्नात जाऊन बसता? किळस आली. पण हसले मी. सगळ्यांबरोबर हसले, आणि वर तिसरा केक उचलला.

निघताना बॉसची बायको म्हणाली, "तुमची मुलगी किती शांत हो! पाहुण्यांसारखी वागते अगदी." मी थँक्यू म्हटलं. लिफ्टमध्ये आरशात स्वतःचं तोंड बघवेना. शांत! माझी भिंगरी!

२९ सप्टेंबर, सोमवार

दातवालीकडे जाऊन बसबद्दल भांडले. ती दात दाखवते, मी बोलते, ती दात दाखवते. म्हणे, रुळेपर्यंत असं होतंच. वर्गशिक्षिका आली. तिची तर काही तक्रारच नाही — मुलगी कोणाला त्रास देत नाही, जागेवरून हलत नाही, आवाज नाही. अहो, असं तर कपाटपण असतं!

घरी आले आणि सांगून टाकलं, मी तिला मागच्या गल्लीतल्या शाळेत घालणार. नवरोबा — "बॉसला काय सांगू?" "सांग बायको वेडी आहे." नवरोबा उठला. मग भिंगरीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती भिंतीकडे तोंड करून चित्र काढत होती. परत येऊन म्हणाला, "घेतात का विचार." चला! बस सुटली एकदाची. बसच्या नावाने आंघोळच करणार मी.

८ ऑक्टोबर, बुधवार

गेलो टायरवाल्या शाळेत. हेडमास्तर साधा माणूस, बाहीला खडू लागलेला. त्याने भिंगरीला इंग्रजीत नाव विचारलं. ती बुटांकडे बघत राहिली. आवडतं काय विचारलं. बूट. त्याने खडू दिला, फळा दाखवला, खिडकीतलं मांजर दाखवलं. मांजर दाखवल्यावर तिने वर बघितलं, ओठ हलले, आणि माझ्याकडे बघून परत मिटले.

मला लाज वाटली, खोटं कशाला लिहू. आणि लाज वाटल्याचा राग आला.

तो म्हणाला, "घरी बोलते का?"

मी ठणकावून सांगितलं, "घरी आम्ही इंग्रजीच बोलतो."

"ते नाही विचारलं मी."

मग म्हणाला, जागा ठेवतो. पण आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. एवढ्या वयाचं मूल असं मिटलं तर नुसती शाळा बदलून भागत नाही.

डॉक्टर! माझ्या पोरीला! दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर कानात बोळे घालायची वेळ आली असती तुमच्यावर. रस्ताभर त्या माणसाला मनात शिव्या घातल्या. घरी आल्यावर रडले. नवरोबाने पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतली, तोवर बस आहेच. त्याचाही चेहरा उतरलेला होता. ती कधीच बोलली नाही तर? हे दोघांच्याही मनात, आणि ते इंग्रजीत कसं म्हणायचं हे दोघांनाही सुचेना.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बस बंद पडली! शाळेकडून येताना, मोठ्या रस्त्यावर. बायकांच्या ग्रुपवर नुसता हलकल्लोळ. दुसरी बस येईल म्हणतात, कधी ते कुणी सांगत नाही. पोरं रस्त्यावर बसलीत. रस्त्यावर! मी टॅक्सी बोलावलीय. आज त्या बसवालीला सोडत नाही. अंगठा तर दाखवू दे मला. काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलंय, तिला कळो न कळो. आली टॅक्सी.

१६ ऑक्टोबर, परत आल्यावर

फर्निचरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर पोरं बसवली होती. भिंगरीची माझ्याकडे पाठ. शेजारी बसवाली.

आणि भिंगरी बोलत होती! मराठीत. हात नाचवत, घडाघडा — "आणि दातवालीचे दात आहेत ना, ते ग्लासात पोहायला लागले, आणि एक दात म्हणाला, मी चाललो!" मग थांबली.

बसवालीने च्युइंगम गालात सारलं आणि म्हणाली, "मग?"

तिला ओ की ठो कळत नव्हतं. एवढा एक शब्द पोरीने शिकवला होता तिला.

मी ठरवलेलं सगळं विसरले. भिंगरी वळली, मला बघितलं, सरळ उभी राहिली. "हॅलो मम्मी. आय अ‍ॅम फाइन."

टॅक्सीत तिला जवळ ओढून बसवलं. आणि म्हटलं, "मग? दात म्हणाला, मी चाललो. मग?"

तिने ड्रायव्हरकडे बघितलं. मग माझ्याकडे. अगदी हळू विचारलं, "आई, टॅक्सीत चालतं?"