आईच्या पलंगाने अडवलेलं दार

वाशी, १८ नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप रावसाहेबदादांस धाकट्या शिवरामचा सविनय जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहोत. वहिनींची कंबर कशी आहे? (शेकताय ना, की नुसतं विचारताय?) आईचं म्हणाल, तर तिची हकीकत पुढे येईलच.

गेल्या महिन्यात कळवलं होतं की आमची दीड खोली मॉडर्न होतेय, आणि आई निजायची ती आपल्या बापूंची सुंभाची बाज त्यात शोभत नाही म्हणून तुमच्याकडे धाडली. हे सगळं माझा मेहुणा, पुतळाचा भाऊ पोपट, याच्या डोक्यातून निघालं. पोपट तळोज्याला कारखान्यात असतो, पण एका मासिकात त्याने वाचलं की लहान घरात प्रत्येक वस्तूने दोन कामं करावीत. (स्वतः आमच्याकडे आला की तो एकही करत नाही.) आता जेवणाचं टेबल भिंतीतून खाली उतरतं. उतरलं की स्वयंपाकघराची वाट बंद होते, म्हणून मीठ आत राहिलं तर आम्ही अळणी जेवतो आणि भाजीचं कौतुक करतो.

पण खरी करामत आईच्या पलंगाची. तो दाराशेजारच्या भिंतीत मिटतो, आणि उघडला की दार उघडत नाही. कारण माप घेतलं तेव्हा रंगाऱ्याने दार काढून गच्चीत वाळत ठेवलं होतं. बिनदाराच्या घरात पलंग झकास बसला. आई दुपारी आडवी झाली की आमचं घर बंद. परवा मी आणि पुतळा मार्केटमधून कांद्याची गोणी घेऊन आलो आणि अर्धा तास जिन्यात गोणीवर बसून काढला. आत आई एकटीच पलंग उचलत होती, आणि तो उचलायला दोन माणसं लागतात. दार उघडलं तेव्हा ती पलंगाला खांदा लावून उभी होती. मला फार लाज वाटली.

ती एवढंच म्हणाली, "शिवा, म्या काय घराची कडी हाय का रं? मला गावाकडं नेऊन घाल."

तिने पिशवी भरली आहे. ती गेली तर या मॉडर्न घरात मला करमणार नाही, हे स्पष्टच लिहितो. बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

आपला,
शिवराम

ता. क. बाज कोणाला दिली तर नाही ना? सुंभ सैल असलं तरी चालेल, मी आवळून घेईन. येत्या एस.टी.च्या टपावर चढवून द्या. आईला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. दादा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून पुतळा लिहिते. माझा भाऊ तीनदा म्हणाला होता, आधी दार बसवू, मग मोजू. टेप ह्यांच्याच हातात होती. बाज मात्र लवकर पाठवा. आईंची पिशवी मी लपवून ठेवली आहे.