राक्षसीण रंगवायला घेतली

३ फेब्रुवारी, सकाळ
बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. जाताना तिची राक्षसीण काचेच्या बरणीखाली झाकून गेली. टेबलावर फौजा मांडून लढायच्या खेळातली सेनापती. उंची दोन इंच, हातात कुऱ्हाड, एकेक दात वेगळा. बायको कवळ्यांच्या लॅबमध्ये आहे, दातांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नाही. चार महिने खपून क्लेमधून घडवली. ११ तारखेला साचेवाले येणार. पसंत पडली तर शेकडो प्रती निघतील, आणि बायकोची कवळ्यांतून कायमची सुटका.
पण अशी मातकट बाई कोण पसंत करणार? ठरलं. रंगवायची. सरप्राइज!

४ फेब्रुवारी
बायकोचा फोन. बरणी उचलू नकोस म्हणाली. मी म्हटलं, छे! (उचलली नव्हती. सरकवली होती.)
प्राइमरचा स्प्रे आणला. दुकानदार म्हणे, क्लेवर हा चिकट राहतो, ब्रशने लावायचा घ्या. त्यांना काय, महागातलं खपवायचं असतं. गच्चीत मारला. झकास.

५ फेब्रुवारी
चिकट आहे. वाळेल.

६ फेब्रुवारी, दुपारी २
वाळत नाही. ऑफिसला दांडी. हेअर ड्रायर लावला, तर कुऱ्हाड वाकली. लढाईत वाकतेच. पोटावर माझ्या अंगठ्याचा ठसा, डोक्यावर टॉवेलची लव. लव राहू दे, केस म्हणून चालेल.

७ फेब्रुवारी
टाल्कम पावडर फासली. चिकटपणा गेला, पण बाई आजारी दिसायला लागली. म्हणून हिरवा, दाट. उजवा डोळा अप्रतिम जमला. डावा त्याच्यासारखा करायला गेलो, जमेना. शेवटी उजवा डाव्यासारखा केला.

८ फेब्रुवारी
बायको फोनवर भलतीच खूश. दातांचे फोटो बघून साचेवाल्यांनी स्वतः फोन केला म्हणे.
इकडे चार कोट झालेत. दात दिसत नाहीत. तोंड मिटलेली राक्षसीण जास्त भीतिदायक असते.
नसते.

९ फेब्रुवारी
थिनरने पुसायला घेतली. रंगाबरोबर नाकही कापसावर आलं. देवा, काय करून बसलो मी! नाक टाचणीने परत बसवलं. शांत राहायचं.
संध्याकाळी फोनवर सहज म्हणून विचारलं, साचेवाले रंग कुठला पसंत करतात? ती हसायला लागली. अरे, साचा कोऱ्या मूर्तीवरूनच घेतात, रंगाने काय, धुळीनेही बारकावे बुजतात, म्हणून तर झाकून ठेवलीय म्हणाली.
जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी
ती आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच बरणीकडे गेली. मी कारणं तयार ठेवली होती: उंदीर, दमट हवा, भेसळीचा प्राइमर. एकही लागलं नाही, कारण तिने विचारलंच नाही. लॅबची सुई काढली आणि दात उकरायला बसली. मी दोनदा पाणी नेऊन दिलं. डोळे पुसायची आणि पुन्हा उकरायची.

११ फेब्रुवारी, दुपार
साचेवाले आले. भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, मूळ काम फार सुंदर असणार, पण आता साचा निघणार नाही. यंदाच्या मूर्ती आजच ठरवायच्या होत्या, म्हणजे संपलंच. निघताना त्यांनी विचारलं, हा रंग दिला कोणी?
मी घसा साफ केला. तेवढ्यात ती म्हणाली, मीच दिला.
नाही, मी दिला, एवढंच मला म्हणायचं होतं. मी चहाचे कप गोळा केले आणि आत जाऊन विसळत राहिलो.