ठमीचे कान

प्रिय धाकटे,

काल फोनवर तू विचारलंस, ठमीची पिल्लं कशी आहेत. मी म्हणाले, मजेत. खरं सांगायला जीभ रेटली नाही. यॉर्की कुत्र्याची शेपूट आखूडच हवी असा गिऱ्हाइकांचा हट्ट, म्हणून परवा मी तुझ्या नकळत दुसऱ्या डॉक्टरला घरी बोलावलं. त्याने चारही पिल्लांच्या शेपट्या कापल्या, पायांवरची अंगठ्यासारखी जादा नखंही काढली. अजून डोळेसुद्धा न उघडलेले जीव, पण केवढे ओरडले.

बाबा हे काम करायचे तेव्हा तू बाथरूममध्ये बसून ठमीच्या आजीचे कान झाकायचीस. पुढे जनावरांची डॉक्टर झालीस आणि शेपट्या कापणार नाही म्हणालीस, तर मीच तुला म्हटलं, आम्हाला शहाणपण शिकवू नकोस.

परवा कान झाकायला कोणी नव्हतं. ठमीला ऐकू जाऊ नये म्हणून मी तिला बाथरूममध्ये कोंडलं आणि नळ पूर्ण सोडून ठेवला.

नंतर तिने पिल्लांना चाटलं, पाजलं. मला वाटलं, झालं, विसरली. पण आता घरात कुठलाही नळ सोडला की ती एकेक पिल्लू तोंडात धरून पलंगाखाली नेते.

हे पत्र मी काही पोस्टात टाकणार नाही. सकाळपासून भांडी तशीच पडली आहेत.

तुझी,
ताई