दारातल्या चपला

सर, तुमच्या शिष्यांनी दादरला तुमच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला आहे आणि प्रत्येकाने तुम्हाला एक पत्र लिहून तिथे वाचायचं आहे. बाकीचे काय लिहिणार ते मला माहीत आहे. तुमचा संयम, तुमचा खर्जातला आवाज, रुग्णासाठी स्वतः उठून दार उघडण्याची तुमची पद्धत. मी दुसरं लिहिणार आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा राग अजून ताजा आहे. तो मी ताजा ठेवला आहे, म्हणा.

आधी चपलांचं. तुमच्या दवाखान्यात सगळे चपला दाराबाहेर काढायचे आणि रुग्णाला आत बोलवण्याआधी तुम्ही त्या बघून यायचात. मलाही बघायला शिकवलंत. पट्टा न सोडता ओढून काढलेली सँडल, भिंतीकडे तोंड करून पडलेली जोडी, घरातल्या दुसऱ्याच कुणाची पायात आलेली स्लिपर. नैराश्य आधी पायांत दिसतं, तोंड खोटं बोलायला शिकलेलं असतं, असं तुम्ही म्हणायचात. मी नवी होते, परळहून बसने यायचे, आणि मला ते फार थोर वाटायचं.

मग लालबागची ती बाई आली. म्हणजे ती नाही, तिची वहिनी आली. नणंद घरी ब्लाउज शिवायची. आई गेल्यापासून तिने मशीनला हात लावला नव्हता आणि सात महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. तिला घेऊन या, मग बघू, असं तुम्ही सांगितलंत. वहिनी म्हणाली, ती येत असती तर मी कशाला आले असते. तुम्ही पुढच्या रुग्णासाठी दार उघडलंत. मी वहिनीच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि घरात कॉम्प्युटर आहे का, एवढं विचारलं.

तेव्हा व्हिडिओ कॉल म्हणजे अमेरिकेतल्या मुलांशी बोलायची गोष्ट होती. दर बुधवारी सकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात, ओटा पुसून, त्यावर लॅपटॉप ठेवून तिला कॉल करते. पहिले दोन बुधवार ती फक्त कपाळ दाखवते. तिसऱ्याला डोळे दिसतात. सहाव्या बुधवारी ती म्हणते, "मॅडम, काल मशीनवरचा कपडा काढला. शिवलं काय नाय. नुसता काढला." मी ते वहीत लिहून घेतलं आणि शनिवारच्या बैठकीत, सगळे चहा घेत असताना, आनंदाने तुम्हाला सांगितलं.

तुम्ही कप खाली ठेवलात. "बाई, तू उपचार करत्येस की दूरदर्शन चालवत्येस?" सगळे हसले. आज कार्यक्रमाच्या समितीत आहेत ते तिघेही हसले. मग तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की ज्याच्या पायात काय आहे ते तुला दिसत नाही, त्याची जबाबदारी तू घेऊ शकत नाहीस, हा प्रकार आजपासून बंद. मी वहिनीला फोन करून कळवलं की यापुढे दवाखान्यातच यावं लागेल. सोमवारी तुम्ही माझ्यासाठी माटुंग्याहून इडलीचा पुडा आणलात, मनाला लावून घेऊ नकोस म्हणालात. मी ती इडली खाल्ली. त्या हसण्यापेक्षा ती मला जास्त टोचते.

वहिनी परत आली ती पुढच्या वर्षी, एकटीच. बसली नाही. "बुधवारी त्या आंघोळ करून, वेणी घालून मशीनसमोर नाय, कॉम्प्युटरसमोर बसायच्या. मॅडमचा फोन येणार नाय म्हणून सांगितलं होतं आम्ही. तरी तीन बुधवार बसल्या. मग उठायच्याच बंद झाल्या." तिला गावी नेलं होतं. तिथेच शिमग्याच्या आधी ती वारली. वहिनी निघून गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की असे काही रुग्ण हातचे जातातच, आणि चष्मा पुसलात.

तुम्ही लॉकडाऊनमध्ये जिवंत असायला हवे होतात. हे मी मायेने म्हणत नाही. बैठकीत हसलेले सगळे एका महिन्यात पडद्यासमोर बसले. समितीतला एक तर आता ऑनलाइन उपचारांवर व्याख्यानं देतो. तुम्हाला कानाला हेडफोन लावून, "आवाज येतोय का?" असं विचारताना मला बघायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून मी दुसरा मार्ग काढला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी तुमचं ते दूरदर्शनचं वाक्य तुमच्या खर्जातल्या आवाजात ऐकवते. नाव सांगत नाही. मुलं खो खो हसतात. दर वर्षी नवी मुलं तुम्हाला हसतात आणि मला बरं वाटतं.

परवाच्या तुकडीत मात्र एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, ती बाई राहायची कुठे?" लालबागला, मी म्हणाले. "आणि तुम्ही?" मी विषय बदलला, पुढची स्लाइड लावली.

समितीला मी कळवलं आहे की पत्र जमलं नाही, माझी वाट बघू नका. हे पत्र मी वाचणार नाही, कारण वाचलं तर कुणीतरी तोच प्रश्न विचारेल. तुम्ही म्हणत होतात तिने इथे यावं, मी म्हणत होते ती मला पडद्यावर दिसते, आणि आपण दोघं त्यावर भांडत होतो. तिची चाळ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. भाजीला जाताना मी तिच्या जिन्यासमोरून जायचे, त्या तीन बुधवारीसुद्धा. वर जाऊ नकोस असं तुम्ही कधीच म्हटलं नव्हतं. तुमच्या दारातल्या चपला मला अजून तोंडपाठ आहेत, सर. तिच्या दारात मी माझ्या कधी काढल्याच नाहीत.