उंचीप्रमाणे रांग

लोणावळा,
मे महिन्यातला शेवटचा मंगळवार

आदरणीय ताजूआपा,

रेणूचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही पाठवते आहे; जो आधी पोचेल तो घ्या. गुडघा आता कितपत वाकतो? तुमची सून कौसर सांगत होती की व्यायाम शिकवायला येणारा मुलगा तुम्हाला घाबरतो आणि दाराबाहेर उभा राहून दोनदा श्वास घेतो. घेऊ द्या. तुम्ही मॉनिटर होतात तेव्हा आम्ही सगळ्या चौथीच्या मुली तेच करत होतो. हमदानचा दहावीचा निकाल लागला की कळवा. साताऱ्याचं पाणी तुम्हाला मानवो. इकडे मी ठीक आहे. (हा 'ठीक' लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. खोडला नाही, कारण खाडाखोड केली की शाळेतल्या सिस्टर पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायच्या, आणि साठीनंतरही ती धास्ती जात नाही.)

फोन न करता पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच माफ करून टाकता आणि मग बाकीचं सांगायचं राहून जातं. या वेळी सगळं सांगायचं आहे.

आपलं शनिवार मंडळ तुम्ही माझ्या हाती सोपवून गेलात त्याला आता आठ महिने झाले. तीस वर्षं तुम्ही ते चालवलंत आणि तक्रार म्हणून कधी आली नाही. मला वाटलं होतं, समाजसेवेला काय लागतं? वेळ लागतो, आणि तो माझ्याकडे आहे. आणि चांगले बूट लागतात, ते मुलाने पाठवले. दवाखान्यात आम्ही रुग्णांना पेपर वाचून दाखवायला लागलो. (दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी फक्त निधनवार्ता मागितल्या आणि ओळखीचं नाव आलं की पलंगापलंगावरून चर्चा सुरू झाली. नर्सबाईंनी आम्हाला प्रेमाने बाहेर काढलं.) पवनानगरच्या बाजूला एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. आता ती पन्नास मुलं रस्त्यात कुठेही भेटली तरी मला 'गुड मॉर्निंग सिस्टर' म्हणतात, संध्याकाळीसुद्धा. हे मी तुम्हाला हसवण्यासाठी सांगते आहे असं वाटेल. तसं नाही. मूळ गोष्टीला हात घालायला मी घाबरते आहे, म्हणून सांगते आहे.

तर बेडसे. लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर पर्यटक प्लास्टिक टाकतात, ते उचलायचं असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी, प्रेरणा (मंडळातली सर्वांत तरुण सभासद, वय एक्कावन्न) आणि आणखी सहा जणी, शिवाय रियाजचा टेम्पो. तुमची पद्धत मला आठवत होती. कोणत्याही गावात गेलं की आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग कामाला हात लावायचा. आपा, खरं सांगते, मला तो नेहमी वेळेचा अपव्यय वाटायचा. मी वेळापत्रक केलं आणि त्यातून चहा काढून टाकला. चाळीस मिनिटं वाचली.

वाटेवरचा कचरा तासाभरात उचलून झाला आणि आमचा उत्साह शिल्लक राहिला. उरलेला उत्साह वाईट. आम्ही गावाच्या नळाशी आलो तर तिथे जुने कॅन, पोचे पडलेले हंडे, रंगाचे रिकामे डबे, एक तुटकी बादली, एक चप्पल आणि दोन अर्ध्या विटा असं सगळं रस्त्याच्या कडेने लांबच लांब पडलेलं. प्रेरणाने आधीचा फोटो काढला. (तिचा नियम आहे, आधीचा एक आणि नंतरचा एक.) जवळपास कुणी नव्हतं, अर्धं गाव बाजाराला गेलेलं आणि अर्धं धोंडाबाईंच्या मांडवात. धोंडाबाई तुम्हाला आठवत असतील. तुम्ही त्यांच्या सुनेला शिवणाचा वर्ग मिळवून दिला होतात. त्यांच्या नातीची, सारिकाची, दुसऱ्या दिवशी हळद होती. आम्ही ती सगळी एकतीस भांडी टेम्पोत भरली, वर चप्पल आणि विटा टाकल्या, नळाभोवती झाडून काढलं आणि नंतरचा फोटो घेतला. फोटोत मी हसते आहे.

रियाज वाटेत एकदा म्हणाला की मॅडम, तांब्याचा हंडा कुणी फेकतं का. मी म्हटलं, लोकांना किंमत नसते. कामशेतला भंगारवाल्या हौशीरामने टेम्पोत नुसतं डोकावलं आणि विडी विझवली.

"ताई, ही नंबराची भांडी हायेत. कुटनं उचलली?"

मला कळेना. त्याने मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. उन्हाळ्यात बेडशाला तिसऱ्या दिवशी नळ येतो, तोही सकाळी तासभर. बायकांनी रात्रभर तिथे उभं राहायचं नाही म्हणून आदल्या दिवशी भांडं ठेवायचं. भांडं नसेल तर चप्पल, तीही नसेल तर वीट. जिथे भांडं तिथे तुमचा नंबर. आम्ही कचरा उचलला नव्हता, आपा. आम्ही सगळं गाव रांगेतून उचलून नेलं होतं.

सूर्य मावळायच्या आत आम्ही परत पोचलो. मांडवात स्पीकर लागलेला होता, नळाशी तेव्हाही कुणी नव्हतं. आठही जणींना काहीही आठवत नव्हतं की कुठलं भांडं कुठे होतं. त्या वेळी मला सुचलं, आणि सुचलं याचा तेव्हा मला अभिमान वाटला. मी म्हटलं, उंचीप्रमाणे लावू. बुटकी पुढे, उंच मागे. शाळेत प्रार्थनेला आपण वर्षानुवर्षं तशाच उभ्या राहिलो, कधी भांडण झालं नाही. एकतीस भांडी आम्ही उंचीप्रमाणे उभी केली. इतकी देखणी रांग बेडशाने पाहिली नसेल. चप्पल आणि विटा मी बाजूला ठेवल्या, कारण ती भांडी नव्हेत. (अशा रीतीने तीन घरांचा नंबर कायमचा गेला.) आधीचा फोटो प्रेरणाच्या फोनमध्ये आहे हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आता पुढचं सांगण्याआधी धोंडाबाईंच्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. बयाबाई. या दोघी अकरा वर्षं बोलत नाहीत. कारण काय ते दोघींनाही नीट सांगता येत नाही. बांधावरच्या आंब्यापासून सुरू होतं आणि कुणाच्या तरी बारशाला संपतं. पण हळदीची जुनी गाणी येणारी गावात बयाबाई एकटीच उरली आहे. बयाबाई हळदीला येणार का, हाच गेला महिनाभर त्या घरातला प्रश्न होता. सारिकाने म्हणे चुलत आजीच्या पाया पडून विचारलं, आणि बयाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

माझ्याकडे कामाला येणारी नंदाबाई बेडशाचीच. तिच्याकडून मला नंतर कळलं ते असं. बयाबाईचं घर वरच्या आळीत, नळाजवळ, त्यामुळे पहिला नंबर नेहमी तिचा. त्या शनिवारी दुपारी तिने आपला छोटा निळा कॅन पहिला ठेवला होता. धोंडाबाईंना बाजारातून यायला उशीर झाला, त्यांचा तांब्याचा मोठा हंडा कुठेतरी चौदावा लागला. थोड्या वेळाने बयाबाई आली, इकडे तिकडे बघितलं, तो जड हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या कॅनच्या पुढे नेऊन ठेवला. अकरा वर्षांनी तिला जे म्हणायचं होतं ते तिने हंड्याकडून म्हणवून घेतलं. सकाळी धोंडाबाई येतील, बघतील आणि समजतील.

सकाळी धोंडाबाई आल्या आणि त्यांनी बघितलं. बयाबाईचा निळा कॅन सगळ्यांत बुटका, म्हणून पहिला. त्यांचा हंडा सगळ्यांत उंच, म्हणून एकतिसावा.

मी तिथे होते, आपा. हळदीचं आमंत्रण होतं म्हणून लवकर गेले होते, इस्त्रीची साडी नेसून. बायका एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. "माजा डबा सातवा व्हता." "तुजा डबा? तुजी तर वीट व्हती, भवाने." धोंडाबाई त्यात नव्हत्या. त्या हंड्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "बाई, काल तुमी हितं आलतात. हंडा कोनी मागं टाकला, बघितलं का?"

सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हणाले, "वारा असेल."

तांब्याचा हंडा, वाऱ्याने. मागे कुणीतरी हसलं. धोंडाबाई हसल्या नाहीत. त्या निळ्या कॅनकडे बघत राहिल्या आणि बयाबाईला ऐकू जाईल इतक्या बेताने म्हणाल्या, "व्हय. वाराच. वाऱ्याचं घर जवळच हाय." बयाबाईने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा हंड्याकडे, आणि आपला रिकामा कॅन उचलून घरी गेली. हळदीला आली नाही. हळद स्पीकरवर लागली. सिनेमातली गाणी होती, मोठ्या आवाजात. सारिका सारखी वरच्या आळीकडे बघत होती, मी पोरीच्या गालाला हळद लावली तेव्हाही.

हंडा बयाबाईनेच पुढे ठेवला होता हे नंदाबाईने गावात सांगून पाहिलं, पण ती पडली बयाबाईची भाची. धोंडाबाई म्हणाल्या, "मावशीची बाजू भाचीच घेनार." त्यानंतर मला आधीचा फोटो आठवला. प्रेरणाकडून मागवून घेतला आणि मोठा करून पाहिला. अगदी स्वच्छ दिसतं. पुढे हंडा, त्याच्या मागे निळा कॅन, जवळजवळ टेकून. गेले नऊ दिवस हा फोटो माझ्याकडे आहे. तो दाखवला की बयाबाई सुटते आणि मी सापडते. लहानपणी चूक कबूल केली की सिस्टर डोक्यावरून हात फिरवायच्या, त्यामुळे कबुली देणं मला फार सोपं वाटत आलं. ते सोपं होतं कारण चुका छोट्या होत्या.

मंडळाचं पद मी सोडते आहे. प्रेरणाला सांगितलेलं नाही, ती फोटो काढेल.

कौसरला आशीर्वाद, हमदानला पापा (तो मोठा झाला असला तरी). तब्येतीला जपा.

तुमची,
रेणुका

ता.क. एक छोटंसं काम होतं, खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र. आधीच्या फोटोची एक मोठी प्रत काढून सोबत जोडली आहे. ती तुम्ही दुसऱ्या पाकिटात घालून साताऱ्याहून धोंडाबाईंच्या पत्त्यावर टाकाल का? आत काही लिहू नका. पाकिटावर पत्ता हमदानकडून लिहून घ्या, तुमचं अक्षर बेडशात सगळे ओळखतात. साताऱ्याचा शिक्का पाहून कुणाला काही अंदाज येणार नाही.

ता.क. २. बुधवार. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा वाचलं. एका गुडघ्यावर उभ्या असलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईला मी पोस्टात पाठवत होते, आणि तिच्या नातवाला निनावी पत्राचे धडे देत होते. फोटो काढून घेतला आहे, पाकिटात शोधू नका. उद्या मीच जाते. तुमच्याकडे एवढंच मागणं, की मी गेले नाही असं कळलं तर मला फोन करून माफ करू नका.

ता.क. ३. गुरुवार, बेडसे. आले आहे. धोंडाबाई ओट्यावर कुरडया वाळत घालत होत्या. मी फोटो पुढे केला. त्यांनी तो हात लांब करून धरला.

"ह्यो माजा हंडा."

मी म्हटलं, हो.

"पुढं हाय. आन तिचा कॅन मागं." मग फोटो खाली घेऊन, "तुमी वारा म्हनला व्हतात."

मी सगळं सांगितलं. टेम्पो, हौशीराम, उंचीप्रमाणे रांग, सगळं. "एवढी इंग्लिश शाळा शिकून वारा," असं म्हणाल्या. आणि मग, "आता सारिका गेली बी नांदायला. हळद काय परत लागती व्हय."

मी म्हटलं, मी आत्ता बयाबाईंकडे जाते, मंडळातर्फे दोघींना एकत्र बसवते, गावासमोर माफी मागते. त्यांनी मला हाताने खाली बसवलं. "तुमी कायबी करू नका, बाई. लय केलंत." माझ्या हातात एक काठी दिली, कावळं बगा म्हणाल्या, फोटो पदराखाली घेतला आणि वरच्या आळीला गेल्या.

हे मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. तास उलटून गेला. वरून भांडणाचा आवाज येत नाही, बोलण्याचाही नाही. माझी एस.टी. मघाशीच गेली. कावळ्यांनी दोन कुरडया नेल्या, बाकीच्या सगळ्या आहेत. धोंडाबाई अजून आलेल्या नाहीत.